पिवळ्या रेणूचा माग

रुग्ण फक्त पाच होते. आजार पाचही जणांना जन्मापासूनचा होता: फॅमिलियल अ‍ॅडेनोमॅटस पॉलिपोसिस, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एफएपी’. एपीसी नावाच्या एका जनुकात दोष असला की मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कोवळ्या वयातच कोंब उगवू लागतात. हे पॉलिप शेकड्यांनी येतात, कधी हजारांनी. प्रत्येक कोंब बिघडत नाही, पण इतक्यांतला एखादा बिघडणारच. त्यामुळे आतडं वेळेवर काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला. या पाचही जणांचं मोठं आतडं आधीच काढून टाकलं होतं. चौघांचं गुदाशय तेवढं राखलं होतं, एकाला लहान आतड्याचीच पिशवी करून दिली होती. त्या उरलेल्या वीतभर जागेतही कोंब पुन्हा येत होते.

त्यांना दिवसातून तीन वेळा ४८० मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिलं गेलं. कर्क्युमिन हळदीतलं, क्वेर्सेटिन कांद्यात सापडणारं. सरासरी सहा महिन्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर पाचही जणांचे कोंब कमी झाले होते. संख्या सरासरी ६०.४ टक्क्यांनी उतरली होती आणि आकार ५०.९ टक्क्यांनी. ऑगस्ट २००६ मध्ये हा शोधनिबंध छापून आला. त्यावर पहिलं नाव होतं मार्सिया क्रूझ-कोरेआ यांचं, आणि संशोधन होतं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फ्रान्सिस जार्डिएलो यांच्या गटाचं. फोडणीत रोज पडणाऱ्या दोन पदार्थांनी कर्करोगाची पूर्वअवस्था मागे हटवली, ही बातमी जगभर गेली.

त्या निबंधाच्या सारांशातलं शेवटचं वाक्य मात्र बातम्यांतून गळून पडलं. हे खरं मानण्याआधी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, तुलनेची चाचणी हवी, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. क्रूझ-कोरेआ यांनी ती चाचणी पुढे स्वतः केली. निकाल हाती यायला बारा वर्षं गेली. त्या निकालाचा अर्थ लागायचा तर आधी या पिवळ्या रेणूचा स्वभाव कळायला हवा, आणि त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८१५ साली फोगेल आणि पेलेतिए या दोन रसायनतज्ज्ञांनी हळकुंडातलं पिवळं रंगद्रव्य वेगळं काढलं आणि त्याला कर्क्युमिन म्हटलं. त्यांच्या हाती आलेला पदार्थ शुद्ध नव्हता, पण वाट सापडली होती. यातल्या पेलेतिए यांनीच पुढे पाच वर्षांत, काव्हांतू यांच्या साथीने, सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढलं. हिवतापावरचं ते औषध बघता बघता जगभर गेलं. कर्क्युमिनच्या वाट्याला तसा रोग आला नाही. ते रंग म्हणूनच ओळखलं जात राहिलं. १९१० साली मिलोबेंद्स्का, कोस्तानेत्स्की आणि लाम्पे या पोलिश रसायनतज्ज्ञांनी त्याची रचना उलगडली. दोन टोकांना दोन वलयं, त्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी, आणि साखळीच्या मधोमध ऑक्सिजनचे दोन अणू. पुढची सगळी गोष्ट या मधल्या साखळीभोवती फिरते.

या साखळीचा स्वभाव आपल्या घराघरांत माहीत आहे. जेवताना शर्टावर वरण सांडलं, डाग पिवळा पडला, आणि साबण लावताच तो लालभडक झाला, हे कोणी पाहिलं नाही? साबण अल्कधर्मी असतो. त्याचा स्पर्श होताच साखळीतला एक हायड्रोजन सुटतो आणि रेणू लाल दिसू लागतो. हळदीत चुना कालवला तरी हेच होतं. केमसारख्या ठिकाणी कुंकवाचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला, तो हळदीच्या याच गुणावर. हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार लावला की टाकणखारातला बोरॉन कर्क्युमिनला घट्ट धरतो आणि लाल रंग उतरतो. युरोपातल्या प्रयोगशाळाही याच गुणाचा उपयोग करत होत्या. हळदीच्या अर्कात बुडवलेला कागद तिथे अल्क आणि बोरॉन ओळखायला वापरत. डागाचं पुढे काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. धुऊन लाल झालेला शर्ट उन्हात वाळत घातला की संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो, कारण प्रकाशात हा रेणू मोडतो.

ज्याच्या त्याच्याशी संबंध जोडणारा आणि लवकर मोडणारा असा हा रेणू आहे. कर्करोगाच्या संशोधनात त्याचं जे काही झालं ते या दोन गुणांमुळे झालं, असं माझं मत आहे.

आधुनिक अर्थाने कर्करोगाशी त्याची गाठ पडली ती केरळात. त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात रामदासन कुट्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीचा अर्क परीक्षानळीतल्या पेशींवर सोडला. लिम्फोमाच्या पेशी मेल्या. अर्कातला कोणता घटक हे करतो ते शोधल्यावर उत्तर मिळालं, कर्क्युमिन. उंदरांमधल्या गाठींची वाढही मंदावलेली दिसली. हा निबंध १९८५ चा. दोन वर्षांनी त्याच गटाने ६२ रुग्णांचा अनुभव छापला. या रुग्णांच्या कर्करोगाच्या जखमा शरीराबाहेर उघड्या पडलेल्या होत्या. त्यांवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचं मलम लावलं. दहातल्या नऊ जणांच्या जखमेची दुर्गंधी कमी झाली, खाज जवळजवळ सगळ्यांचीच थांबली, बऱ्याच जखमा सुकल्या. गाठ लहान झालेले रुग्ण मात्र दहातला एखादा. हा निबंध मला फार मोलाचा वाटतो. कर्करोगाच्या उघड्या जखमेच्या वासामुळे आपलीच माणसं लांब बसू लागतात. ते दुःख हलकं करणं हे लहान काम नाही. आणि रोग बरा झाला असा दावा त्या डॉक्टरांनी केला नव्हता.

त्यानंतर दारं भराभर उघडली. १९८८ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातल्या हुआंग आणि कॉनी यांच्या गटाने दाखवलं की उंदरांच्या कातडीवर कर्करोगाला खतपाणी घालणारं रसायन लावताना सोबत कर्क्युमिन लावलं तर गाठी कमी येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १६ धूम्रपान करणाऱ्यांना महिनाभर रोज दीड ग्रॅम हळद दिली, तेव्हा त्यांच्या लघवीतली जनुकांना इजा करणारी द्रव्यं घटली. मुंबईत परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अझुइन आणि भिडे यांनी उंदरांच्या जठरातल्या आणि कातडीवरच्या गाठींवर हळदीचा परिणाम तपासला. त्यांनाही गाठी कमी झालेल्या दिसल्या. ही दोन्ही कामं १९९२ मधली. एकमेकांपासून लांब असलेल्या प्रयोगशाळांतून एकाच दिशेने उत्तरं येत होती.

हे होतं तरी कसं, याचं उत्तर १९९५ मध्ये आलं. टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात भरत अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने एनएफ-कप्पा-बी या प्रथिनावर कर्क्युमिन वापरून पाहिलं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली शोधलेलं हे प्रथिन पेशीत एरवी बांधून ठेवलेलं असतं. संसर्ग झाला, इजा झाली की त्याची सुटका होते, ते केंद्रकात शिरतं आणि दाह पेटवणारी जनुकं चालू करतं. काम झालं की ते परत बांधलं जायला हवं. अनेक कर्करोगांत तसं होत नाही. दाह सतत चालू राहतो आणि गाठीच्या पेशींना त्यातून जगण्याचं बळ मिळतं. कर्क्युमिन दिलं तर या प्रथिनाचं बंधन सुटतच नाही, असं अगरवाल यांच्या निबंधात दिसलं. आता हळदीच्या हाती नेमकं लक्ष्य होतं.

योगायोग असा की त्याच १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याला हरकत घ्यायचं ठरवलं. जुन्या ग्रंथांपासून १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातल्या निबंधापर्यंत एकेक पुरावा गोळा करून परिषदेने तो अमेरिकी पेटंट कार्यालयापुढे मांडला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ती लढाई न्यायाची होती आणि जिंकली ते फार बरं झालं. तिचा एक परिणाम आपल्या मनावरही झाला. हळदीवर शंका घेणं म्हणजे आपल्याच घरावर शंका घेणं, असं वाटू लागलं.

शंका घ्यायला जागा मात्र फार आधीपासून होती. १९७८ साली स्वीडनमधल्या वाल्स्ट्रॉम आणि ब्लेनो यांनी उंदरांना कर्क्युमिन खाऊ घातलं आणि ते शरीरात कुठे जातं हे शोधलं. पाऊण हिस्सा विष्ठेतून बाहेर पडला. रक्तात जेमतेम काही सापडलं. हा निबंध कपाटात असतानाच पुढची वीस वर्षं परीक्षानळ्यांत कर्क्युमिन ओतलं जात होतं. १९९७ मध्ये तैवानच्या संशोधकांनी आणखी एक मोजणी केली. शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्या अल्कधर्मी असलेल्या साध्या द्रावणात कर्क्युमिन ठेवलं. अर्ध्या तासात त्यातलं ९० टक्के मोडलं. रक्तात ते थोडं जास्त टिकलं, कारण रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात, पण तिथेही आठ तासांत निम्मं संपलं. मोडून झालेल्या पदार्थांत व्हॅनिलिन होतं, आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारं. शर्टावरच्या डागाचं साबणाने जे होतं त्याच जातीचा बदल हा रेणू रक्तात सोसत होता.

डॉक्टरांनी हार मानली नाही. मात्रा वाढवली. तैवानमध्ये २५ रुग्णांना दिवसाला आठ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं. बारा ग्रॅम द्यायचं ठरवलं तेव्हा रुग्णांनी नको म्हटलं, इतक्या गोळ्या गिळणार कशा? आठ ग्रॅम म्हणजे किती हे स्वयंपाकघराच्या मापात पाहू. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरलं तर ती रोज पाव किलोहून जास्त हळद झाली. घरातलं माणूस दिवसाकाठी दोन-अडीच ग्रॅम हळद खातं. या मात्रेनेही रक्तात पोहोचलेलं कर्क्युमिन १.७७ मायक्रोमोल इतकंच होतं. इंग्लंडमध्ये लीस्टरच्या गटाने ३.६ ग्रॅम दिलं तेव्हा रक्तात मिळालं ११ नॅनोमोल. परीक्षानळीतल्या पेशी मरतात त्या साधारण दहा-वीस मायक्रोमोलला. म्हणजे लीस्टरच्या आकड्यापासून हजारपटीचं अंतर.

मधल्या काळात बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून एक उपाय आला होता. कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पाइपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण २,००० टक्क्यांनी वाढतं, असं १९९८ मध्ये शोबा आणि सहकाऱ्यांनी छापलं. हा आकडा आज हळदीच्या गोळ्यांच्या जवळजवळ प्रत्येक डबीवर असतो. जे जवळजवळ नव्हतंच ते वीसपट झालं, तेही तास-दीड तासापुरतं, हे डबीवर नसतं. पाइपरिन हे साधतं कसं? यकृत आणि आतडी परक्या रसायनांची विल्हेवाट लावतात ती यंत्रणा ते मंद करतं. केमोथेरपीची कित्येक औषधं याच यंत्रणेच्या हिशेबाने मोजूनमापून दिलेली असतात. म्हणून उपचार चालू असताना घरच्यांनी मनाने अशी डबी आणून देण्यात खरा धोका आहे.

२००८ मध्ये एम. डी. अँडरसनमध्येच स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांना रोज आठ ग्रॅम दिलं. परिणाम मोजता आला तो २१ जणांत. एकाचा रोग दीड वर्षाहून अधिक काळ जागेवर थांबला. दुसऱ्याची गाठ ७३ टक्क्यांनी आटली, पण थोड्याच दिवसांसाठी. बाकीच्यांचा रोग वाढत गेला. दोन जणांत काहीतरी घडलं खरं, ते कर्क्युमिनमुळे की आपोआप, हे सांगायला तुलनेचा गटच नव्हता.

मग आतड्याकडे लक्ष वळलं, आणि हा विचार सुंदर होता. कर्क्युमिन रक्तात जात नाही, आतड्यातूनच वाहून जातं. मग जिथून ते वाहतं तिथलाच रोग धरावा. लीस्टरच्या गटाने २००५ मध्ये शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांना आठवडाभर आधी कर्क्युमिन दिलं आणि कापून काढलेल्या आतड्यात ते तपासलं. ते तिथे सापडलं, पेशींवर परिणाम करण्याइतकं. क्रूझ-कोरेआ यांचे पाच रुग्ण याच आशेवर उभे होते. शरीरात हळदीच्या रेणूला कुठे जागा असेलच तर ती आतड्याच्या अस्तरावर.

दुसरीकडे मिनेसोटा विद्यापीठात कॅथरिन नेल्सन आणि मायकेल वॉल्टर्स यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. त्यांचं काम औषधं शोधण्याचं. हजारो रसायनं यंत्रातून चाळायची, एखाद्या प्रथिनाला रोखणारं रसायन सापडलं की ते बाजूला काढायचं. या चाळणीत काही रसायनं दर वेळी वर येतात, मग प्रथिन कोणतंही असो. ऑस्ट्रेलियातल्या जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा फसव्या रसायनांच्या ठेवणी गोळा करून त्यांची यादीच केली होती. कर्क्युमिन त्या यादीतल्या वर्णनात नेमकं बसत होतं.

नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्क्युमिनवरचे निबंध एकेक करून उघडले. प्रयोगात चमक मोजून निकाल काढतात, तर कर्क्युमिन स्वतःच चमकतं. हे घरीही पाहता येतं. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद ढवळा आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, द्रावण हिरवट-पिवळं उजळतं. प्रयोगातलं यंत्र या उजेडालाच प्रथिनाचं उत्तर समजू शकतं. शिवाय कर्क्युमिन धातू धरतं, त्यामुळे धातूवर चालणारी प्रथिनं थांबतात. ते प्रथिनांच्या गंधकाला चिकटतं. पाण्यात विरघळत नाही, गोळे करतं, आणि त्या गोळ्यांत प्रथिनं अडकतात. पेशीचं आवरणच ढवळून काढतं, त्यामुळे त्या आवरणात बसलेली सगळी प्रथिनं वेडीवाकडी वागू लागतात. आणि प्रयोग चालू असताना ते मोडत राहतं, त्यामुळे शेवटी जे दिसलं ते कर्क्युमिनने केलं की त्याच्या तुकड्यांनी, हेही सांगता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये हा निबंध आला. शंभराहून जास्त चाचण्या माणसांवर झालेल्या असूनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी कोणती हे माहीत नसलेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेलं नाही, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं.

या निबंधावर पुष्कळ संशोधक नाराज झाले. मला मात्र तो या साऱ्या मालिकेतला सर्वांत मोठा शोध वाटतो. साबणाने लाल होणं, टाकणखाराला धरणं, उन्हात मोडणं, हे ज्या साखळीमुळे होतं तिच्याचमुळे कर्क्युमिन प्रत्येक परीक्षानळीत यशस्वी ठरत होतं. एक वर्ष आधी आणखी एक धक्का बसला होता. अगरवाल यांच्या प्रयोगशाळेतल्या निबंधांमधल्या प्रतिमांवर शंका घेतल्या गेल्या, आणि २०१६ मध्ये ‘बायोकेमिकल फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकाने त्यांचे सात निबंध एकदम मागे घेतले. पुढे इतर नियतकालिकांनीही घेतले. त्यामुळे कर्क्युमिनवरचं सगळं काम खोटं ठरत नाही. दाहावरचा परिणाम इतर प्रयोगशाळांनीही पाहिला होता. पण ज्या पायावर शेकडो प्रयोगशाळांनी आपली वर्षं रचली, त्याच्याबद्दल अशी शंका यावी ही फार क्लेशाची गोष्ट आहे. त्यात खर्ची पडलेल्या तरुण संशोधकांच्या उमेदीचं काय करायचं?

वनस्पतींकडून कर्करोगाची औषधं मिळत नाहीत असा याचा अर्थ कोणी काढू नये. अंगणातल्या सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिलं जातं. वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडात शोधलेलं कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये या नरक्यातूनच त्याचं भावंड वेगळं काढलं होतं. कॅम्प्टोथेसिनपासून घडवलेली औषधं आज आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. हे रेणू पेशीतल्या एकेका प्रथिनाला पकडतात आणि मात्रेत थोडी चूक झाली तरी जिवावर बेततं. आपण रोज खातो त्या पदार्थातला सौम्य रेणू त्यांच्याइतकंच काम करेल ही अपेक्षा मुळातच जड होती.

आहारातल्या द्रव्याकडे निरुपद्रवी म्हणून पाहण्याची किंमत फिनलंडने मोजली होती. गाजरातलं बीटा-कॅरोटीन फुप्फुसाचा कर्करोग टाळेल या विश्वासाने तिथल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. त्या एका आकड्यानंतर खाण्यातली गोष्ट आहे, घेऊन पाहायला काय हरकत आहे, हे वाक्य जबाबदार डॉक्टरांनी उच्चारणं बंद केलं.

क्रूझ-कोरेआ तोवर पोर्तो रिको विद्यापीठात आल्या होत्या. २०११ ते २०१६ या काळात पोर्तो रिको आणि अमेरिकेत मिळून एफएपीचे ४४ रुग्ण त्यांनी आणि जार्डिएलो यांनी चाचणीत घेतले. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाला दिवसाला तीन ग्रॅम कर्क्युमिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणती गोळी कोणाच्या हातात आहे हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि दुर्बिणीतून कोंब मोजणाऱ्यालाही नव्हतं. दर चार महिन्यांनी तपासणी, असं वर्षभर चाललं. मात्रा पहिल्यापेक्षा दुप्पट होती, काळ दुप्पट होता, रुग्ण जवळजवळ नऊपट होते. यश मिळायचं तर ते इथेच मिळणार होतं.

वर्षअखेरीस नुसत्या गोळीच्या गटात सरासरी १८.६ कोंब निघाले. कर्क्युमिनच्या गटात निघाले २२.६. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक फरकच नव्हे. आकारातही फरक नव्हता. पहिल्या वेळी पाच जणांत जे दिसलं होतं ते योगायोगाचं असेल, क्वेर्सेटिनचं असेल, किंवा काय शोधायचं हे माहीत असलेल्या डोळ्यांचं असेल. २०१८ मध्ये ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’त हा निकाल छापला गेला, आणि त्याच्यावरही पहिलं नाव क्रूझ-कोरेआ यांचंच होतं. ज्या शोधाने आपलं नाव जगभर गेलं तो खोडून काढणारा पुरावा त्यांनी स्वतः, सात वर्षं राबून, जमवला होता. या कथेत मला कोणापुढे हात जोडावेसे वाटले तर ते त्यांच्यापुढे.

यानंतर गोळ्यांचा खप थांबेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट एक नवी तक्रार पुढे आली. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर नोंद ठेवतात. २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे झालेल्या दहा इजा त्या नोंदीत सापडल्या. दहातल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती, पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. जेवणातल्या हळदीने असं झाल्याची नोंद त्यात नाही. हा प्रश्न आहे तो शोषण वाढवलेल्या, दाट केलेल्या गोळ्यांचा. आमटीतली हळद निर्धास्त खावी. ऑन्कॉलॉजिस्टच्या टेबलावर मात्र घरची डबीही ठेवावी आणि हे चालू आहे असं सांगावं.

लीस्टरच्या गटाने मात्र माग सोडला नव्हता. २०१९ मध्ये त्यांनी २८ रुग्णांची चाचणी छापली. सगळ्यांना आतड्याचा पसरलेला कर्करोग होता आणि सगळ्यांना नेहमीची केमोथेरपी मिळत होती. काहींना चिठ्ठी टाकून सोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. अपाय झाला नाही, आणि कर्क्युमिन घेणारे अधिक काळ जगले. पण २८ रुग्ण थोडे आहेत, आणि आपण काय घेतोय हे इथे सगळ्यांना माहीत होतं. पाच जणांच्या यशाचं पुढे काय झालं ते पाहिल्यावर यावर कोणी घाईने उडी मारणार नाही. खरं-खोटं करायला शेकडो रुग्ण, झाकलेल्या गोळ्या आणि काही वर्षांचा पाठपुरावा लागेल. दोनशे वर्षं जुन्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या रंगद्रव्यावर इतका पैसा औषध कंपनी लावणार नाही. तो सार्वजनिक निधीतूनच यायला हवा. जगातली सर्वांत जास्त हळद भारतात पिकते. सांगली आणि हिंगोलीचे बाजार तिच्यावर चालतात. टाटा मेमोरियलसारखी संस्था आणि देशभरच्या कर्करोग रुग्णालयांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड आपल्याकडे आहे. स्वस्त औषधांच्या मोठ्या चाचण्या करण्याचा अनुभवही टाटाच्या डॉक्टरांना आहे. पेटंटसाठी आपण अमेरिकेच्या दारात पुरावे घेऊन गेलो होतो. ही चाचणीही आपणच करायला हवी, आणि निकाल कसाही आला तरी तो छापायला हवा.